भानुकेताचा पांढरा ओक

एका राज्यात कुणी कुणाच्या हातचं सरळ खात नसे. देणाऱ्याने आधी स्वतः चावा घ्यायचा, मगच घेणाऱ्याने तोंडाला लावायचं, अशी तिथली रीत. आई लेकराला घास भरवी, तोही आधी चाखून. ही रीत राजा भानुकेताने घातली होती. त्याच्या महालाला दारं थोडी आणि पहारेकरी फार. आणि पहारेकऱ्यांवर नजर ठेवायला आणखी पहारेकरी.

धूम्रजट नावाच्या जादूगाराने एकदा त्याला मोहरांनी भरलेला हंडा दिला. म्हणाला, "वरची रास तुझी. तळाला हात घालू नकोस." राजाच्या मनात आलं, म्हणजे तळाशी याहून मोलाचं काही लपवलं असणार! त्याने हात घातला. तळाशी शाप होता. तो धुरासारखा वर आला आणि शेजारी उभ्या राजकन्या वेणूमतीच्या पायांना बिलगला. तिची पावलं लाकडाची झाली.

त्या शरदात खिडकीवर एक टकाचोर येऊन बसला. तांबूस अंगाचा, लांब शेपटीचा पक्षी. तो बोलू लागला.

"राजा, लाकूड वर चढत जाईल. ओठ मिटले की लेक गेली. तू आपल्या हाताने पांढऱ्या ओकाचं झाड लाव आणि जगव. पहिल्या वसंतात कोंब येईल. दुसऱ्या वसंतात नवी पालवी आली की शाप सुटेल."

"तुला यात काय मिळणार?"

"सावली."

"नाव टकाचोर, आणि मागतोस नुसती सावली?"

"नाव तुम्ही माणसांनी ठेवलंत, महाराज. मला कुणी विचारलं नव्हतं."

पक्ष्याने चोचीतलं टोपी घातलेलं बी खाली ठेवलं. राजा मागे सरकला. "आधी तू चाख."

"हे पेरायचं आहे, महाराज."

"रीत म्हणजे रीत."

पक्ष्याने चोच मारली. राजाने ते बी पुरलं, पाणी घातलं, भोवती पहारा बसवला. वसंत आला. ज्याचा गर फुटला ते बी कसं उगवणार? ते मातीत कुजून गेलं. वेणूमतीचे गुडघे लाकडाचे झाले.

दुसऱ्या शरदात पक्षी दुसरं बी घेऊन आला. "हे बी साठवून टिकत नाही. आजच पेर. चाखायला सांगू नकोस आणि उकरून पाहू नकोस."

राजाने पेरलं. थंडी पडली. वर काहीच दिसेना.

"फसवलंस मला," राजा म्हणाला.

"हा ओक आधी खाली वाढतो. मूळ खोल गेल्यावर मग वर येतो."

"जे दिसत नाही ते सांगायला काय लागतं!"

पक्षी उडून गेल्यावर राजाने माती उकरली. खाली खरोखरच जाड, पांढरं मूळ सरळ पाताळाकडे निघालेलं. राजाने ते वर ओढलं, तसं कट् करून मोडलं. त्याच आठवड्यात वेणूमती कंबरेपर्यंत लाकूड झाली. तिने बापाच्या हाताला लागलेली माती पाहिली आणि तोंड फिरवलं.

तिसऱ्या शरदात पक्षी म्हणाला, "हे शेवटचं."

राजाने ते पेरलं आणि उकरायला शिवशिवणारे हात आवरले. भोवती काट्यांचं कुंपण केलं, हरणांनी कोंब खाऊ नये म्हणून. माती कुणी तुडवू नये म्हणून पहारेकरी लांब हटवले. वर वाळक्या पाल्याचा थर दिला आणि माती सुकली तरच पाणी घातलं. वसंतात कोंब आला. उन्हाळाभर पानं हिरवीगार राहिली. लाकूड मात्र चढतच होतं.

मग थंडी आली. बागेतल्या झाडांची पानं गळली. ओकाची पानं तपकिरी झाली, वाळली, पण गळेनात. राजाला झोप येईना. मोडलेल्या फांदीची पानं अशीच चिकटून राहतात, हे त्याने पाहिलं होतं.

"लहान ओक हिवाळाभर वाळकी पानं सोडत नाही," पक्षी म्हणाला.

"पुन्हा तुझाच शब्द!"

तेवढ्यात एक म्हातारा वैद्य दारी आला. त्याने झाडाकडे पाहून मान हलवली. "मेलेलं आहे, महाराज. पक्ष्याने विषारी बी दिलं. हे तोडून जाळा, राख मुलीला लावा, ती बरी होईल."

"मला हेच वाटत होतं!" राजा म्हणाला आणि त्याने कुऱ्हाड मागवली.

झाडाशेजारी वेणूमतीला बसवलं होतं. आता ती हनुवटीपर्यंत लाकूड होती. राजाने कुऱ्हाड उचलली, तशी ती बोलली.

"बाबा, एक विचारू?"

"विचार, बाळे."

"पक्ष्याला तुम्ही शंभर शंका विचारल्यात. मला पाणी देणाऱ्या दासीलाही विचारता. या वैद्यबुवांना एकही का नाही विचारलीत?"

राजाचा हात वरच थांबला. खरंच, का नाही? म्हातारा जे बोलला ते त्याच्याच मनातलं होतं. म्हणून ते इतकं खरं वाटलं.

"वैद्यबुवा, तुम्ही कुठले?"

"वेळ घालवू नका, महाराज! मारा!"

राजाने कुऱ्हाड खाली ठेवली. साल खरवडून आत ओल आहे का पाहावं, असं बोटांना फार वाटलं. त्याने बोटं मुठीत मिटली. "झाड उभं राहील," तो म्हणाला.

म्हाताऱ्याच्या जटांतून धूर निघू लागला. धूम्रजटच तो! बघता बघता त्याचा नुसता धूर उरला आणि वाऱ्यावर विरून गेला.

हिवाळा संपेपर्यंत राजा झाडापाशी बसून राहिला. वेणूमतीचा खालचा ओठ कडक झाला, बोलणं बंद पडलं. तरी त्याने झाडाला हात लावला नाही. एका सकाळी एक वाळकं पान गळून त्याच्या मांडीवर पडलं. मग दुसरं. मग सगळी. आणि त्यांच्या जागी लव असलेली, गुलाबी-रुपेरी, उंदराच्या कानाएवढी पानं उलगडली.

राजाला मागे वळून बघायचा धीर होईना.

"आई गं!" मागून आवाज आला. "बाबा, मुंगी चावली! पायाला!"

राजा हसला की रडला, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. त्याने लेकीचा पाय हातात घेतला. टाचेवर बारीक लाल फोड होता, आणि पाय कोमट होता.

त्या दिवसापासून महालाची दारं उघडी राहू लागली. टकाचोर ओकाच्या एकुलत्या फांदीवर बसून वाट पाहू लागला. सावली पडायला अजून पुष्कळ वर्षं होती. पण त्याला घाई नव्हती. वेणूमतीला मिळालं तसं आयुष्य तुम्हाआम्हालाही मिळो.