उघड्या हातानं

“पण माई, अंगावर एक केस नाही. त्याला कुत्रा म्हणायचं तरी कसं?”

माईनं भाकरी तव्यावर टाकली. वरून पाण्याचा हात फिरवला.

“तुझ्या डोक्यावर तरी किती हायेत, मास्तर? आमी तुला मास्तर म्हनतोच की.”

आम्ही हसलो. केळशीकर सरांनी कानटोपी आणखी खाली ओढली.

वाईच्या वरच्या अंगाला एका टेकडीवर माईची मठी आहे. दोन खोल्या, अंगण आणि एक चूल. माई ऐंशीच्या पुढची. डोकं तुळतुळीत, तोंडात दोनतीन दात उरलेले आणि हसू मात्र तोंडभर. रविवारी सकाळी आम्ही काहीजण वर जातो. प्रवचनबिवचन काही नसतं. शेंगा फोडायच्या, लसूण सोलायचा आणि माई बोललीच तर ऐकायचं.

सर हायस्कूलचे निवृत्त हेडमास्तर. प्रश्न विचारण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. उत्तर मिळालं की त्यावर उपप्रश्न तयार असतो. माईनं ‘सर’ म्हणावं असं त्यांना वाटतं, पण ती काही म्हणत नाही.

त्या दिवशी थंडी कडाक्याची होती. सर स्वेटर, त्यावर कोट, मफलर, कानटोपी असा सगळा सरंजाम चढवून आले होते. हातांत मात्र भांडी घासायचे नारिंगी रबरी हातमोजे होते. त्या हातमोज्यांत एक दोरी, आणि दोरीच्या टोकाला पेपे.

पेपेला आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. काळसर राखी रंगाचा, सडपातळ, कान उभे. अंगावर केसांचा पत्ता नाही, फक्त डोक्याच्या मधोमध एक लहानसा झुपका. बिचारा थंडीनं कुडकुडत उभा होता आणि तरीही शेपूट हलवत होता.

माईनं त्याला नीट न्याहाळलं.

“डोई केलीया आन् शेंडी ठेवलीया. ह्याची मुंज कुनी लावली रं?”

“माई, ही चेष्टेची गोष्ट नाही.”

“आन् दात?”

“या जातीला दाढा कमीच असतात.”

“केस न्हाईत, दात कमी... म्हंजे आमच्याच पंथातला दिसतोय.” माई स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवत इतकी हसली की तिला ठसका लागला.

सर हसले नाहीत. त्यांनी घसा साफ केला.

“माई, मी याला इथं सोडायला आलोय.”

शेंगा फोडणारे आमचे हात थांबले.

मठीत सोडायला येणारे पुष्कळ असतात. भिंतीत एक कोनाडा आहे. त्यात कुणाची तंबाखूची डबी आहे, कुणाचे पत्ते, एका पैलवानानं सोडलेली कुठल्याशा भांडणातली काठी. माईची रीत एकच. जे सोडायचं ते तिथं टाकून जायचं नाही. ते उघड्या हातानं माईच्या उघड्या हातात द्यायचं. मग ती ते कोनाड्यात ठेवते. असं का, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि सरांखेरीज कुणी विचारलंही नाही.

“कोन हाय ह्यो?” माईनं विचारलं.

सरांना हा प्रश्न हवाच होता. ते ताठ उभे राहिले.

“मूळचा मेक्सिकोचा. जात अतिशय प्राचीन, तीन हजार वर्षांहून जुनी म्हणतात. नाव आहे शोलोइत्सक्विंत्ली.”

ते नाव त्यांनी न अडखळता घेतलं आणि आमच्याकडे पाहिलं. वर्ग गप्प होता.

“ह्ये म्हनंस्तवर त्यो गाव सोडून जाईल,” माई म्हणाली. “फुडं?”

“तिकडच्या जुन्या थडग्यांत याच्या मातीच्या मूर्ती सापडतात. मेलेल्या माणसाला हा नदीपलीकडे पोचवतो, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा होती. गंमत म्हणजे एकाच वेताची काही पिलं केसांची निघतात, काही बिनकेसांची. कातडीला ऊन सोसत नाही. तेल तर मुळीच लावायचं नाही.”

तेलाचं त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण ते लावून झालं होतं. शेजाऱ्यांनी एका सुरात ‘खरूज’ असं निदान केलं आणि सरांनी हातमोजे घालून पेपेला चांगलं करंजाचं तेल चोळलं. केस उगवायचे राहिले बाजूला, गड्याच्या अंगभर पुटकुळ्या उठल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी पेपेला तपासलं आणि सरांची हजेरी घेतली. त्यानंतर सरांनी रात्रंदिवस वाचन केलं. शोलोइत्सक्विंत्लीबद्दल वाई तालुक्यात त्यांच्याएवढं जाणणारा दुसरा कुणी नसेल.

“बरं,” माई म्हणाली. “आन् ह्यो कोन?”

“सांगितलं की आत्ता.”

“त्ये जातीचं सांगितलंस. ह्याचं सांग. ह्याला कुठं खाजवलेलं आवडतं?”

“ते... पाहिलं नाही.”

“झोपताना कंच्या कुशीवर झोपतो?”

माईनं भाकरी उलटली. ती टम्म फुगली.

“हातमोजं कशापायी?”

“कातडी नाजूक असते ना माई. आपल्या हातांचे जंतू उगाच...”

“मास्तर.”

सर खालच्या आवाजात म्हणाले, “किळस येते, माई.”

“येती कदीकदी. मला बी पालीची येती.”

तिनं रागावायला हवं होतं असं सरांना वाटलं असावं. ते थोडे गोंधळले.

“मग किळस येती म्हनून सोडतोस व्हय?”

“हो.”

“हं.”

“नाही.”

माई भाकरीकडेच बघत होती.

“तो रोज संध्याकाळी शालिनीच्या कॉटपाशी जाऊन बसतो,” सर म्हणाले. “पुढचे पाय कॉटवर टेकतो आणि उशीकडे बघत राहतो. मला बघवत नाही ते.”

शालिनीताई म्हणजे सरांची बायको. त्या दिवाळीच्या सुमारास गेल्या. मुलगी मुग्धा मेक्सिकोत नोकरीला. आईचं दुखणं वाढलं तेव्हा ती आली आणि तिकडे कुणाच्या भरवशावर ठेवणार म्हणून पेपेलाही घेऊन आली. ताईंची सगळी हाडं ठणकायची. पेपे आला आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या गुडघ्यांना चिकटून झोपला. मग त्यांचं ठरलेलंच झालं. सकाळी डोळे उघडले की विचारायच्या, “माझी शेकायची पिशवी कुठंय?” त्या दुखण्यातही त्या घरात हसण्याचे आवाज यायचे, हे आम्ही स्वतः ऐकलेलं आहे. मुग्धा निघाली ती नव्या देशात बदली होऊन. पेपेला तिनं बाबांना सोबत म्हणून ठेवलं.

“बरं, दे,” माई म्हणाली. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि सरांसमोर येऊन ओंजळ पुढं केली. “घेते मी. रीत तुला ठाव हाय.”

सरांनी हातमोजे काढले. रबर ओल्या कातडीला चिकटून बसलं होतं, ओढून ओढून काढावं लागलं. आतले हात पांढरेफटक आणि सुरकुतलेले होते. ते त्यांनी एकदा कोटाला पुसले. डोळे मिटले. वाकून पेपेच्या पोटाखाली हात घातले.

आणि दचकले.

“माई! ताप आहे याला!”

“कुनाला?”

“पेपेला! चांगलाच ताप आहे हो, चटका बसतोय हाताला. आज रविवार, डॉक्टर भेटायचे नाहीत. कुणाकडे गाडी आहे का रे खाली? अरे, उठा की!”

पाच मिनिटांपूर्वी ज्याला सोडायला आले होते त्याला उराशी धरून सर अंगणात गोल गोल फिरायला लागले. आम्ही खरोखरच उठलो.

माईनं पेपेच्या अंगाला हात लावून पाहिला. मग तोच हात सरांच्या हातावर ठेवला.

“ताप न्हाई, मास्तर. तुझा हात गार हाय.”

सर थांबले. या जातीचं अंग हाताला असंच ऊन लागतं, हे वाचलेलं त्यांना आठवलं असणार, कारण त्यांचे ओठ हलले. पण बोलले ते निराळंच.

“ती म्हणायची, अहो, एकदा हात तरी लावून बघा. शेवटपर्यंत म्हणत होती. मी नाही लावला, माई.”

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायला हात मोकळा नव्हता. पेपेनं ते चाटून टाकलं, चष्म्यासकट. त्याबरोबर सर मोठ्यानं हसले. डोळे गळत होते आणि ते हसत होते. इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना आम्ही पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

“दे हिकडं,” माई म्हणाली. तिची ओंजळ तशीच पुढं होती.

सरांनी कोटाची बटणं सोडली. पेपे आत शिरला. बाहेर फक्त शेंडी राहिली.

“याला थंडी वाजतेय हो, माई. जरा वेळानं देतो.”

“भाकऱ्या गार हुत्यात.”

“तुम्ही बसा ना. मी देतो नंतर.”

“बरं.”

आम्ही जेवायला बसलो. गरम भाकरी, लसणीची चटणी, शेंगदाण्याची आमटी. सर एका हातानं जेवत होते. दुसरा हात कोटात होता. मफलर त्यांनी केव्हाच काढून ठेवला होता, मग कानटोपीही काढली. भाकरीचा पापुद्रा आत गेला, मागून दुसरा गेला.

मध्येच ते ओरडले, “अरे, हे बघा! कानामागं खाजवलं की याचा मागचा पाय आपोआप हलतो!”

आम्ही बघितलं. खरंच हलत होता. कोट थडथड वाजत होता.

“तीन हजार वर्षांत हे कुणी लिहून ठेवलं नाही,” सर म्हणाले.

माईनं त्यांच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली. त्यांनी उपप्रश्न विचारला नाही.

ऊन वर आलं तसे सर निघाले. पेपेला देण्याचा विषय कुणीच काढला नाही. कोटातली शेंडी आता झोपली होती, डाव्या कुशीवर. ते आम्हाला सरांनीच खुणेनं दाखवलं. माईच्या पाया पडायला त्यांना वाकता येईना, म्हणून माईनंच पेपेच्या शेंडीला बोट लावून नमस्कार केला.

चार पायऱ्या उतरल्यावर सर वळले. शेवटी हेडमास्तरच ते.

“माई, माझे हातमोजे राहिले की वर. नवेच आहेत.”

हातमोजे कोनाड्यात होते. तंबाखूच्या डबीशेजारी, नीट घडी घालून. ते तिनं कधी ठेवले, आम्ही कुणी पाहिलं नव्हतं.

माई उंबऱ्यावर बसून दात कोरत होती.

“ऱ्हाऊ दे. सोडायलाच आला हुतास न्हवं?”