नदी ओलांडली की मोडणारं लग्न

वाकी नदीच्या पलीकडच्या काठावर हौसा आणि राही यांचं लग्न झालं. अलीकडच्या काठावर पाऊल ठेवलं आणि ते मोडलं!

भांडणबिंडण काही नव्हतं. पलीकडे सुरंगपूर संस्थान, अलीकडे धामणगड. सुरंगपूरच्या राजाने नुकताच कायदा केला होता, की दोन बायकांनी किंवा दोन पुरुषांनी एकमेकांना माळ घातली तर तेही लग्नच समजावं. हौसा नाव वल्हवायची, राही बांगड्या भरायची. कित्येक वर्षं दोघींची चूल एकच होती. कायद्याची बातमी कानावर येताच त्या नावेत बसल्या, पलीकडच्या देवळात माळा घातल्या आणि पेढे घेऊन परतल्या. तर घाटावर राहीचा भाऊ दाजिबा चौकीदाराला घेऊन उभा!

"हे लग्न इथं चालत नाही," चौकीदार म्हणाला. "राही कुमारिका. आणि कुमारिका भावाच्या ताब्यात."

दाजिबाने स्थळही हेरून ठेवलं होतं. तोंडात दात नसलेला एक बिजवर तांबट! राहीच्या हातातला पेढ्यांचा पुडा पाण्यात पडला. हौसाने तिचं मनगट घट्ट धरलं.

"चल राजाकडे. तिथं काय व्हायचं ते होऊ दे."

धामणगडचा राजा रायाजी मनाने वाईट नव्हता, पण हट्टी! त्यातून सुरंगपूरचा राजा म्हणजे त्याचा सख्खा मेहुणा.

"मेहुण्याने कायदा केला म्हणून मी करू?" तो गरजला. "त्याने आंबे लावले तेव्हा मी फणस लावले. हे लग्न माझ्या काठावर लग्न नाही!"

दिवाणजी पुढे सरसावले. "शिवाय महाराज, या दोघींत नवरा कोण, हेच ठरत नाही."

"तुमच्या घरी तरी ठरलंय का, दिवाणजी?" हौसा म्हणाली.

दरबार खो खो हसला. दिवाणजींच्या बायकोचा आवाज गावच्या वेशीपर्यंत ऐकू यायचा! राजाही मिशीत हसला, पण हट्ट काही सोडेना.

"जीभ बरी चालते तुझी. मग ऐक. पलीकडचं लग्न अलीकडेही लग्नच, असं या दरबारातल्या एका तरी माणसाने माझ्यासमोर ठणकावून सांगावं. सांगितलं, तर तुमचंच काय, तुमच्यासारख्या सगळ्यांचं लग्न या राज्यात मान्य! नाहीतर दिवेलागणीच्या आत राही भावाच्या घरी."

हौसाने एकेका सरदाराकडे पाहिलं. कुणी शेला सावरला, कुणाला नेमका आत्ताच खोकला आला. राजासमोर त्याच्या विरुद्ध बोलायची छाती कुणाची? दाजिबा तर दाराशी उभा राहून बहिणीला न्यायची घाई करत होता.

"हौसे, नको गं," राही पुटपुटली. तिचे डोळे भरून आले होते. "कुणी बोलायचं नाही."

भोवऱ्यातून नाव काढायची हौसाला सवय होती, पण इथं हातात वल्हं नव्हतं. इतक्यात चिकाच्या पडद्याआड बांगड्या वाजल्या. राणीसाहेब! राणीसाहेब म्हणजे सुरंगपूरची लेक. हौसाचा चेहरा एकदम खुलला. ती पडद्याकडे वळली आणि कमरेत वाकली.

"राणीसाहेब, नाव घाटाला लावलीय. केव्हा निघायचं?"

"कुठं गं?" पडद्याआडून आवाज आला.

"माहेरी! आपलं लग्न सुरंगपूरला लागलं. वरात माझ्या बापानेच नावेतून इकडे आणली. मधल्या धारेत ते लग्न मोडलं, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही बघा. त्याच्या वतीने मी माफी मागते. आपण कुमारिका, आणि कुमारिका भावाच्या ताब्यात. भाऊ तर पलीकडे!"

पडद्याआड क्षणभर खसखस पिकली.

"अगं बाई!" राणी म्हणाली. "इतकी वर्षं मी परक्याच्या घरी राहिले? कोण आहे रे तिकडे, माझी पेटी भरा!"

"राणीसाहेब, चेष्टा पुरे," राजा म्हणाला.

"परपुरुषाशी आम्ही बोलत नाही."

राजाचे कान लाल झाले. हौसा हात जोडून म्हणाली, "महाराजांनी काळजी करू नये. आपल्यासाठीही स्थळ बघू. त्या तांबटाला एक बहीण आहे म्हणतात..."

राजा ताडकन उठला. "खबरदार! माझं लग्न पक्कं आहे! पलीकडे लागलं म्हणून काय झालं? पलीकडचं लग्न अलीकडेही लग्नच!"

"बोलला!" हौसा ओरडली. "दरबारातला एक माणूस बोलला, आणि चांगला ठणकावून बोलला!"

"पण... पण..." दिवाणजी धडपडत उठले. "महाराजांच्या लग्नात एक वर होता, एक वधू होती!"

"अटीत वर-वधू कुठं होते, दिवाणजी? अट काठाची होती. की महाराज या दरबारातले नाहीत, असं तुमचं म्हणणं आहे?"

दिवाणजी उठले त्याहून लवकर बसले.

राजाच्या मिशा थरथरल्या. मग तो असा हसत सुटला, की सिंहासनाचा हात धरून त्याला खाली बसावं लागलं.

"माझ्याच तोंडून! बाई गं, माझ्याच तोंडून वदवलंस! अरे, दवंडी पिटा. आजपासून धामणगडात हे लग्न म्हणजे लग्नच. दाजिबा, तू घरी जा, एकटाच. हौसा, बक्षीस माग!"

हौसाने राहीकडे पाहिलं. डोळे पुसत राही पहिल्यांदाच मोठ्याने बोलली, "सरकार, लग्न लागलं, पण लग्नाचं जेवण राहिलंय."

दुसऱ्या दिवशी वाड्यात पंगत बसली. राणीने दोघींना हिरवे शालू नेसवले, घाटाचं वतन दोघींच्या नावाने करून दिलं. आणि राजाने कमरेला शेला खोचून स्वतः जिलबी वाढली. इतक्या आग्रहाने वाढली, की परतताना हौसाला वल्हं मारवेना. नाव राहीनेच घरी नेली!