उन्हात टांगलेली नदी

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा राजे होते आणि राजांना चित्रांचा नाद होता. एका नगरात जुन्या वस्तू विकणाऱ्यांची एक गल्ली होती. तिथे केरोबा आणि दामशेट यांची दुकानं समोरासमोर होती. समोरासमोर दुकानं असली की धंदा वाढतो म्हणतात. केरोबाची मात्र नुसती जळजळच वाढली होती.

एके दिवशी एका म्हातारीने केरोबाला चौकटीत बसवलेलं एक जुनं चित्र दाखवलं. पाण्यात कालवलेल्या रंगांनी काढलेली नदी, काठावर आमराई, मागे निळा डोंगर. केरोबाने ते धड बघितलंही नाही.

"आजी, नदी बघायची तर लोक घाटावर जातील. हे कोण घेतंय?"

म्हातारी समोर गेली. दामशेटने चित्र बराच वेळ न्याहाळलं आणि तिला हसू फुटेल एवढी किंमत दिली. मग त्याने ते आतल्या सावलीच्या खोलीत, पडद्याआड लावलं.

झालं! केरोबाच्या घशाखाली घास उतरेना. "लपवून ठेवलंय लबाडाने. म्हणजे नक्की घबाड असणार," तो बायकोला म्हणाला.

"अहो, तुम्हीच तर नको म्हणालात. आता कशाला जळताय?"

पण मत्सराला असले प्रश्न विचारून उपयोग नसतो. त्यातच बातमी आली, की राजाचे कारभारी गुढीपाडव्याला चित्रं घ्यायला येणार आहेत. तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. केरोबा तडक दामशेटकडे गेला आणि चित्र मागू लागला. दामशेट द्यायला राजी नव्हता, त्याचा जीव जडला होता त्यावर. शेवटी केरोबाने आपल्या दुकानातल्या झाडून साऱ्या समया, पानदानं आणि पितळी हंडे आणून त्याच्या ओट्यावर ठेवले. दामशेटही शेवटी दुकानदारच. त्याने चित्र दिलं.

आणि केरोबाने ते टांगलं कुठे? दुकानाच्या दर्शनी भिंतीवर, दामशेटने मान वर केली की दिसलंच पाहिजे अशा जागी. दुपारपासून तिथे कडक ऊन यायचं. केरोबा चित्राकडे पाठ करून बसायचा आणि दिवसभर समोरचं तोंड बघायचा. दामशेटचं तोंड दिवसेंदिवस उतरत चाललं होतं. केरोबाला वाटायचं, जळतोय लेकाचा! त्याला दोन भाकऱ्या जास्त जायला लागल्या.

एकदा दामशेट रस्ता ओलांडून आला. "केरोबा, ते चित्र आत घ्या हो. उन्हात..."

"का? पोटात दुखतंय?" केरोबाने त्याला पुढे बोलूच दिलं नाही. आठवड्याने दामशेट पुन्हा आला, पुन्हा तेच ऐकून परत गेला. तिसऱ्यांदा काही तो आला नाही.

पाडव्याला कारभारी आले. केरोबाने ऐटीत मागे हात केला. "बघा सरकार!"

"काय बघू? कोरा कागद?"

केरोबा वळला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याने चित्राकडे पाहिलं. नदी नव्हती. आमराईच्या जागी पिवळट डाग होते. डोंगर कुठे होता, तेही सांगता आलं नसतं.

"पाण्याचे रंग, आणि असे उन्हात? अहो, असली चित्रं सावलीत जपायची असतात," असं म्हणून कारभारी निघून गेले.

केरोबा दामशेटसमोर जाऊन उभा राहिला. "तुम्हाला रोज दिसत होतं?"

"दिसत होतं ना. रोज थोडी थोडी नदी आटत होती." दामशेटच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला वाईट वाटायचं हो. तुम्हाला वाटायचं, मी जळतोय."

केरोबाच्या रित्या दुकानात विकायला काहीच उरलं नव्हतं. महिन्याभरात त्या दुकानाला कुलूप लागलं.

म्हणून बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, ध्यानात ठेवा: शेजाऱ्याचं उतरलेलं तोंड बघण्यात जो रमतो, त्याचं स्वतःचं धन त्याच्या पाठीमागे उडून जातं.