चाळीस जणींचे गुडघे आणि लिंबाजीची शेळी

एका गावात एक भोळा लिंबाजी होता. गावाचं नाव बोरखडी. भोळा म्हणजे किती भोळा, तर कुणी "जरा थांब" म्हणालं की हा संध्याकाळपर्यंत तिथंच उभा. अंगात आळस नाही, पोटात पाप नाही, तोंडात उलट उत्तर नाही. सांगितलं तेवढंच करायचा, आणि सांगितलं तसंच करायचा. हीच तर सगळी पंचाईत होती.

त्याची आई तान्हाबाई. जीभ तिखट, हात सढळ, आणि गुडघे पार कामातून गेलेले. एकदा खाली बसली की उठता येईना, म्हणून दोन वर्षं बाई खाली बसलीच नव्हती. बाजेवर बसायची आणि बाजेवरूनच घर हाकायची. वैशाखात तिची लेक पारू बाळंतपणाला माहेरी यायची होती. तान्हाबाईला ध्यास एकच. पाटावर बसायचं, पाय लांब पसरायचे, आणि बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं.

"माझ्या आईनं मला न्हाऊ घातलं, मी ह्या दोघांना घातलं," ती म्हणायची. "आता नातवंडाला काय बाजेवरनं पाणी शिंपडू व्हय?"

अशात फाल्गुनात गावच्या शाळेत एक डॉक्टरीणबाई आल्या. सबनीस त्यांचं नाव. गुडघेदुखीच्या एका नव्या औषधाची पारख करायची होती. गावातल्या चाळीस म्हाताऱ्या त्यांनी गोळा केल्या आणि समजावून सांगितलं, "वीस जणींना खरं औषध मिळेल. वीस जणींना तशीच दिसणारी साधी गोळी. कुणाला कुठली, ते कुणालाच ठाऊक नाही. मलाही नाही. ते पाकिटात बंद आहे."

"आता गं बया!" अनसाआत्या म्हणाली. "आपण काय देतो ते डॉक्टरणीलाच ठाऊक न्हाई! मग शिकली कशाला?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "आत्या, गोळी घेतली या समाधानानंच कुणाकुणाला बरं वाटतं. औषधाचा गुण किती आणि मनाचा किती, ते कळायला हवं ना? म्हणून. आणि जबरदस्ती कुणावर नाही. आधी विचारणार. मनापासून 'हो' असेल तरच अंगठा."

चाळिसांनी अंगठे दिले. तान्हाबाईनं तर दोन्ही हातांचे दिले, दोन्ही गुडघ्यांसाठी.

तिला लिहिता येत नव्हतं. लिंबाजी चौथी पास, अक्षर मोत्यासारखं. म्हणून तिचं सगळं बघायचं काम त्याच्याकडे आलं. डॉक्टरीणबाई त्याला म्हणाल्या, "हे बघ लिंबाजी, सहा आठवडे आईच्या रोजच्या खाण्यापिण्यात काही बदल करायचा नाही. आज जसं चाललंय तसंच चालू द्यायचं. कळलं?"

लिंबाजीनं मान डोलावली. "आत्ता कळलं," म्हणाला.

आता त्या दिवशी होती एकादशी. तान्हाबाईनं भगर खाल्ली होती. दुसऱ्या दिवशी लिंबाजीनं आईपुढं भगर ठेवली. तिसऱ्या दिवशी भगर. चौथ्या दिवशी भगर. एकादशीच्या सकाळी मांजरानं दूध सांडलं होतं. पण दुसऱ्या दिवशी मांजर आलंच नाही, तेव्हा लिंबाजीनं ते स्वतःच्या हातानं सांडलं. रोज. बरोबर सात वाजता.

"आरं लिंब्या, भाकर दे की रे मला!" तान्हाबाई ओरडायची.

"बदल करायचा न्हाई, आई. गुडघं बरं व्हायचं हायेत ना?"

गुडघ्यांचं नाव काढलं की म्हातारी भगरीचं ताट पुढं ओढायची. आठव्या दिवशी तपासणीला गेली तर वजन उतरलेलं, डोळे खोल गेलेले. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"अरे, एकादशी एका दिवसाची! भाकरी दे तिला. आणि काही वेगळं घडलं, तर ते करत बसू नको, लिहून ठेव. ही घे वही. जे जे घडेल ते लिहायचं. लहान नाही, मोठं नाही, काही सोडायचं नाही."

लिंबाजीनं मान डोलावली. "आत्ता कळलं."

आता लिंबाजी वही घेऊन दिवसभर आईसमोर बसू लागला. आईनं जांभई दिली, लिहिलं. कावळा ओरडला, लिहिलं. आईनं शिवी दिली, ती ऱ्हस्व-दीर्घासकट लिहिली. आठवड्यानं डॉक्टरीणबाईंनी वही उघडली आणि मोठ्यानं वाचू लागल्या.

"'आपली शेळी घरात आली. शेळीनं कोनाड्याकडं बघितलं. शेळीनं गोळ्यांच्या पिशवीत तोंड घातलं. शेळी गोळ्या खात आहे. शेळी अजून खात आहे. शेळीनं पिशवीही खाल्ली. शेळी गेली.' लिंबाजी! तू कुठे होतास तेव्हा?"

"तिथंच होतो की. लिहीत होतो."

"आणि हाकललं नाहीस?"

"दोन्ही हात गुंतलेले, बाई. एका हातात वही, एका हातात पेन."

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले. मग हळूच विचारलं, "शेळी कशी आहे?"

"बरी हाय. गुडघं तिचं पहिल्यापास्नंच चांगलं."

बाईंनी नव्या गोळ्या दिल्या आणि बोट नाचवून सांगितलं, "नीट ऐक. शेळी दिसली की वही टाकायची आणि शेळीला हाकलायचं. मागेपुढे बघायचं नाही. आणि या कामात मोलाच्या गोष्टी दोनच. एक या गोळ्या, दुसरी तुझी आई. मोलाची वस्तू आपण उघड्यावर टाकतो का? कुलपात ठेवतो ना? सकाळी आठ आणि रात्री आठ, तेवढंच कुलूप उघडायचं."

लिंबाजीनं मान डोलावली. "आत्ता कळलं."

घरी येऊन त्यानं गोळ्या पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावलं. मग आईला खोलीत ठेवून खोलीला कुलूप लावलं. मोलाच्या गोष्टी दोन, कुलपं दोन. सकाळी आठला आई बाहेर, गोळी, आई आत. रात्री आठला आई बाहेर, गोळी, आई आत.

तान्हाबाईनं खिडकीतून हाक मारून मारून घसा बसवला. शेजारच्या अनसाआत्यानं विचारलं तर लिंबाजी अभिमानानं म्हणाला, "लई मोलाची हाय ती."

दोन दिवसांनी अनसाआत्याच शाळेत जाऊन डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. कुलूप निघालं. तान्हाबाई बाहेर आली आणि म्हणाली, "बाई, मला दुसरा मुलगा द्या न्हाईतर दुसरे गुडघे द्या. ह्या दोन्हीसंगं माझ्यानं निभत न्हाई."

डॉक्टरीणबाई या वेळी खरोखर चिडल्या. "अरे, बाकीच्या एकोणचाळीस जणी मोकळ्या फिरतायत आणि हिलाच कुलूप?"

"मग समद्यांना लावू?"

"नाही रे देवा! अरे, या कामाचा पहिला नियम हा. एकीला जे केलं, तेच चाळिसांना झालं पाहिजे. एकीला वेगळं काही झालं की सगळं फुकट जातं. आता शेवटचं सांगते. महिन्याअखेरीला शहरातून मोठे साहेब तपासायला येणार आहेत. तोवर तुझ्या आईला इतरांपेक्षा वेगळं काही केलंस, तर तिचं नाव मला खोडावं लागेल."

नाव खोडायचं म्हटल्यावर तान्हाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "नगा बाई," ती म्हणाली. "पाटावर बसायचंय मला एकदा."

ते बघून लिंबाजीनं आईचे डोळे पुसले. त्या माउलीवर त्याचा जीव होता हो, अक्कल नव्हती एवढंच. त्यानं मान डोलावली. या वेळी दोनदा. "आत्ता अगदी पक्कं कळलं," म्हणाला.

आणि खरंच, पुढचे आठवडे तो शहाण्यासारखा वागला. म्हणजे कुणी काही सांगितलंच नाही त्याला.

साहेब यायचा दिवस उजाडला. दिवस चैत्राचे. गावात घरोघर कुरडयांचं वाळवण. ज्या म्हातारीचे गुडघे दुखतात तिला राखणीला बसवायची गावाची रीतच. त्यामुळे चाळीस अंगणांत चाळीस म्हाताऱ्या, कुणी बाजेवर, कुणी ओट्यावर, हातात काठी घेऊन कावळे हाकत बसलेल्या. तान्हाबाईही बसली होती. पारूच्या बाळंतपणात पाहुण्यांना तळायला म्हणून तिनं सहा पायल्यांच्या कुरडया घातल्या होत्या. अंगणभर पांढऱ्याशुभ्र. पाय ठेवायला जागा नाही.

लिंबाजी अलीकडे वही घेऊन बसलेला. पलीकडे कुंपणापाशी शेळी उभी राहिली. काही केलं नाही बिचारीनं. नुसती उभी राहिली.

पण शेळी दिसली. लिंबाजीनं वही टाकली आणि धावला. कुरडयांवरून. मागेपुढे बघितलं नाही. शेळी बिथरली ती कुरडयांतच शिरली. हा तिच्या मागं. एक फेरी झाली, दोन झाल्या, तीन झाल्या. सहा पायल्यांचा भुगा.

"लिंब्याऽऽ!"

तान्हाबाई काठी घेऊन उठली. आता बघा, जी बाई दोन वर्षं धरून धरून चालत होती ती कुंपण ओलांडून पळाली. पुढं शेळी, मध्ये लिंबाजी, मागं म्हातारी. देऊळ गेलं, पिठाची गिरणी गेली. चिंचेपाशी लिंबाजी झाडावर चढला. खाली तान्हाबाईला धाप लागली आणि तिनं भुईवर बसकण मारली. पाय लांब पसरून.

मग तिच्या ध्यानात आलं. तिनं आपल्या पायांकडं बघितलं. "आगं बाई," ती म्हणाली, "मी खाली बसले!" उठली. पुन्हा बसली. मोकळ्या पायांवर हात फिरवला. "हितं घेईन बाळाला." आणि ती हसतेय की रडतेय ते वरून लिंबाजीला कळेना.

पण दुसरं एक कळलं. आईचे गुडघे बरे झाले. म्हणजे आईला वेगळं काहीतरी झालं. बाकी एकोणचाळीस जणींना झालं नाही. आणि साहेब अकराला येणार. आईचं नाव खोडलं जाणार!

लिंबाजीनं झाडावरून उडी मारली, शेळीचं दावं धरलं, घरी येऊन वही उचलली आणि चुलीतली काजळी पानात बांधून घेतली.

पहिली अनसाआत्या.

"आत्या, गुडघं बरं व्हायला पायजेत?"

"पायजेत की रे बाबा."

"मनापास्नं?"

"मनापास्नं."

"मग हितं अंगठा."

तिनं काजळीचा अंगठा दिला. लिंबाजीनं वहीत लिहिलं, 'हो म्हणाली.' आणि शेळी कुरडयांत सोडली.

अनसाआत्या उठली ती काठी घेऊनच. मग सरूकाकू उठली. मग गिरजामावशी, मग म्हाळसाआजी. एक अंगण, एक अंगठा, एक भुगा. दहा झाल्या, वीस झाल्या. आळीच्या टोकाला कोंडाआजीनं बाजेवरून बघितलं तर धुरळ्यातून सगळ्या गुडघेदुख्या सुसाट धावत येताहेत.

"लिंबाजी, ह्या एवढ्या बाया पळाय कशा लागल्या रं?"

"त्यांचं गुडघं झालं बरं, आजी. तुमचं राहिलंय."

कोंडाआजीनं न विचारता अंगठा पुढं केला.

इकडे शाळेत मोठे साहेब नुकतेच खुर्चीवर टेकले होते. डॉक्टरीणबाई सांगत होत्या, "सर, फरक आहे, पण अगदी थोडा. एक-दोघी जिना चढतात, बाकीच्यांना अजून..." एवढ्यात फाटकातून शेळी आली. मग लिंबाजी आला. आणि त्याच्या मागून काठ्या उगारून चाळीस म्हाताऱ्या आल्या. सगळ्यांत पुढे तान्हाबाई.

लिंबाजी टेबलाखाली शिरला आणि तिथून त्यानं वही वर सरकवली.

"बाई, एकीला केलं ते चाळिसांना केलं. जबरदस्ती केली न्हाई. समद्यांचं अंगठं हायेत."

साहेबांनी वही वाचली. मग बंद पाकीट फोडून यादी वाचली. तान्हाबाईच्या नावापुढे लिहिलं होतं, साधी गोळी. अनसाआत्याच्या नावापुढे, खरं औषध. साहेबांनी चाळीस जणींना बसायला सांगितलं. बसल्या. उठायला सांगितलं. तेवढ्यात लिंबाजीचं डोकं टेबलाबाहेर आलं, तर चाळिसांच्या चाळीस ताडकन उठल्या.

साहेबांनी चष्मा पुसला. "तीस वर्षांत असा निकाल पाहिला नाही. खऱ्या औषधानं वीसच्या वीस बऱ्या. खोट्यानंही वीसच्या वीस बऱ्या. सबनीसबाई, हे सगळं रद्द. दुसऱ्या गावात पहिल्यापासून करा."

डॉक्टरीणबाई डोकं धरून बसल्या. टेबलाखालून बारीक आवाज आला.

"सायेब, आईचं नाव खोडलं का हो?"

"अरे, आईचं काय घेऊन बसलास? चाळीसच्या चाळीस नावं खोडली!"

लिंबाजीचा जीव भांड्यात पडला.

"मग काय हरकत न्हाई," तो म्हणाला. "समद्यांना सारखंच झालं."

त्या वर्षी बोरखडीत कुणी कुरडई तळली नाही. घरोघर महिनाभर चुऱ्याची भाजी. वैशाखात पारूला मुलगी झाली. तान्हाबाई पाटावर बसते, पाय लांब पसरते आणि नातीला पायांवर घेऊन न्हाऊ घालते. कधीमधी उठताना गुडघा धरतो. मग ती आतल्या आत कळ सोसत बसत नाही. सरळ हाक मारते, "लिंब्या, शेळी सोड रे!"

आणि लिंबाजी सोडतो. आधी अंगठा घेतो, मग सोडतो.