उणे एकशे सत्तावीस अंशांचं दूध

एकदा एका वृद्ध विज्ञानशिक्षिकेने भर उन्हाळ्यात, सारं गाव पंख्याखाली आडवं झालेलं असताना, शाळकरी मुलींसाठी संगणक आणि विज्ञानाचं शिबिर भरवलं. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, तरी तालुक्याचं ते गाव त्यांना अजून नुसतं ‘बाई’ म्हणत असे. मदतीला त्यांची एक जुनी विद्यार्थिनी होती. ती आता इंजिनिअर झाली होती, पण बाईंसमोर उभी राहिली की पुन्हा आठवीतली होत असे.

“मुलींसाठीच का?” असं कुणी विचारलं की बाई म्हणत, “आयुष्यभर प्रयोगशाळेत एकच दृश्य पाहिलं. माउस मुलाच्या हातात, आणि मुलगी तक्त्याला किनार काढतेय. किनार अतिशय सुबक असायची हो! पण किनारीने दिवा लागत नाही.”

शिबिराचा नियम एकच होता. कुणाचं काही अडलं, तर मदत करणारीने स्वतःचे हात पाठीमागे धरून उभं राहायचं. प्रश्न हवे तेवढे विचारावेत. दुसरीच्या कीबोर्डला, वायरला बोट लावायचं नाही. त्यामुळे दुपारी वर्गात डोकावलं की विलक्षण दृश्य दिसे: एक मुलगी घामाघूम होऊन वायरी जोडतेय आणि तिच्याभोवती चार जणी हात मागे बांधून, एखाद्या तपासणी अधिकाऱ्याच्या गांभीर्याने, “बॅटरी जोडलीस का गं?” असं विचारताहेत.

या मुलींत सातवीतून आठवीत गेलेली कस्तुरी होती. तिचे वडील गावातले कापडाचे मोठे व्यापारी. आई विज्ञानाची पदवीधर, पण स्वभावाने अशी चिंतातुर, की लेकीने पाण्याचा पेला उचलला तरी हिचा हात खालून आधाराला तयार! (अशा आया असतात. त्यांच्या हेतूंविषयी कुणाच्या मनात शंका नसते. पेला मात्र बहुतेक वेळा त्यांच्याच धक्क्याने सांडतो.)

या आईचा आणखी एक दोष होता. गॅसवर दूध ठेवून ती विसरत असे. तेव्हा कस्तुरीने शिबिरात दुधाचा पहारेकरीच तयार केला. पातेल्यात तापमान ओळखणारा सेन्सर सोडायचा, त्याच्या वायरी एका छोट्या सर्किटला जोडायच्या आणि लॅपटॉपवर स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमने दुधावर नजर ठेवायची. पंच्याण्णव अंश झाले की बझर वाजलाच पाहिजे. पहिल्यांदा तो वाजला तेव्हा कस्तुरी खुर्चीवर चढून नाचली होती.

उन्हाळा संपत आला. चांगली चमक दाखवणाऱ्या मुलींसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी पुढचं निवासी शिबिर होतं आणि कस्तुरीची त्यात निवड झाली होती. अडत होतं ते वडिलांच्या होकारावर.

“मला मुलीला पाठवायचं नाही असं नाही,” व्यापारी म्हणाले. “पण बाई, मी कापडवाला आहे. काचेत टांगलेल्या मालावरून मी सौदा करत नाही. गेल्या वर्षी शाळेच्या प्रदर्शनात आमच्या घरातून ज्वालामुखी गेला. झकास फुटला! परीक्षकांनी हिला विचारलं, लाव्हा कसा केलास? ही आईकडे बघायला लागली.”

आईने पदराचं टोक उगाचच नीट केलं.

“आता हे दुधाचं यंत्र कुणी बनवलं? हिने, हिच्या आईने, की तुमच्या या इंजिनिअर ताईंनी? शेवटच्या दिवशी मी येतो. डोळ्यांनी पाहीन, मग बोलेन.”

“जरूर या, शेठ,” बाई म्हणाल्या. “असंच पारखून घ्यावं.”

शेवटच्या दिवशी सभागृह भरलं. टेबलावर विजेची शेगडी, वर दुधाचं पातेलं, शेजारी लॅपटॉप आणि सर्किट. सकाळपासून कस्तुरीने यंत्र तीनदा चालवून पाहिलं होतं. सगळे पन्हं प्यायला बाहेर गेले आणि बाईंची इंजिनिअर शिष्या आणखी पेले घ्यायला आत आली, तेव्हा तिने जे पाहिलं त्याने ती जागीच थिजली. बाई टेबलाजवळ उभ्या होत्या. त्यांनी चष्मा नीट केला, सर्किटवरची पिवळी वायर दोन बोटांत धरली आणि अलगद वर ओढली. इतकी थोडी, की वरून पाहणाऱ्याला ती जागेवरच आहे असं वाटावं.

“बाई! हे काय करताय? तिचं पुढचं सगळं आजच्यावर आहे!”

“म्हणूनच,” बाई म्हणाल्या. “आणि तुझे हात कुठे आहेत?”

शिष्येचे हात आपोआप पाठीमागे गेले. मन मात्र मागे हटेना.

लोक आत आले. व्यापारी पहिल्या रांगेत, शेजारी आई, तिच्या शेजारी बाई. कस्तुरीने शेगडी सुरू केली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, “हा माझा दुधाचा पहारेकरी. माझ्या आईसाठी केलाय. का ते तिला विचारा!” सभागृह हसलं. मग तिने स्क्रीनकडे पाहिलं.

स्क्रीनवर आकडा होता: उणे एकशे सत्तावीस.

पातेल्यातून वाफ येऊ लागली होती. स्क्रीन आपला उणे एकशे सत्तावीसवर ठाम. मागून एक काका म्हणाले, “अहो, हिमालयातल्या म्हशीचं दूध दिसतंय!” पुन्हा हशा. व्यापाऱ्यांनी हाताची घडी घातली. ज्वालामुखीच्या वेळीही त्यांनी अशीच घातली होती.

आईला समोरून, पहिल्या रांगेतूनच दिसलं होतं: पिवळी वायर सुटलीय! कस्तुरीने नेमकं तेव्हाच आईकडे पाहिलं. आई अर्धवट उठली, बोट उचललं, ओठांवर शब्द आला, आणि पदर मागे खेचला गेला.

“बसा, कस्तुरीच्या आई.”

“बाई, दूध उतू जाईल!”

“जाऊ दे. दूध पुसता येतं.”

आई बसली. कसं बसवलं तिने स्वतःला, तिचं तिला ठाऊक. दोन्ही हात तिने पाठीमागे नेले आणि एकमेकांत गच्च अडकवले. तोंडही मिटलं, ते हातांपेक्षा कितीतरी अवघड गेलं.

आईकडून काही येत नाही असं पाहून कस्तुरीने नजर पुन्हा स्क्रीनकडे वळवली. आणि एकाएकी ती मोठ्याने स्वतःशीच बोलू लागली.

“थांबा. उणे एकशे सत्तावीस? बर्फसुद्धा शून्याला असतो. दूध खोटं बोलत नाही, म्हणजे आकडा खोटा. प्रोग्रॅम चुकला असता तर सकाळी पण चुकला असता. मग सेन्सरचं बोलणं इथवर पोचतच नाहीये!”

“अगं, शेगडी बंद कर आधी!” कुणीतरी ओरडलं.

“शेगडीला हात लावू नका!” कस्तुरी त्याहून मोठ्याने ओरडली.

तिचं बोट पातेल्यापासून निघालं आणि वायरीवरून सरकू लागलं. लाल, ठीक. काळी, ठीक. दुधावर साय धरली, कडेने बुडबुडे आले. मागच्या रांगेतले लोक उभे राहिले. मैत्रिणी तर केव्हाच पुढे धावल्या होत्या. टेबलाभोवती हात मागे बांधून त्या जागच्या जागी उड्या मारत होत्या. “तिन्ही बघितल्यास का गं? तिन्ही?”

“पिवळी!” कस्तुरी किंचाळली आणि तिने वायर खाली दाबली.

आकडा उडाला. ब्याण्णव. त्र्याण्णव. साय फुगली, दूध काठाकडे निघालं. चौऱ्याण्णव. व्यापारी नकळत खुर्चीवरून उठले. आणि बझर असा कर्कश वाजला, की त्याहून मधुर आवाज त्या सभागृहात कुणी ऐकला नसेल! कस्तुरीने शेगडी बंद केली, सांडशीने पातेलं उचललं आणि फुगलेलं दूध काठाशी क्षणभर थबकून खाली बसलं. एक थेंब सांडला नाही. टाळ्या, शिट्ट्या, आरडाओरडा. हिमालयातले काका सर्वांत पुढे.

गलका ओसरल्यावर व्यापाऱ्यांनी विचारलं, “पण वायर निघाली कशी?”

“मी काढली,” बाई म्हणाल्या.

“तुम्ही?” कस्तुरीचे डोळे भरून आले. “बाई, मला सांगायचं तरी!”

“नुसतं ‘काही अडेल’ म्हटलं असतं, तरी तू आधीच आईला विचारून ठेवलं असतंस,” बाईंनी तिला जवळ घेतलं. मग त्या व्यापाऱ्यांकडे वळल्या. “शेठ, गिऱ्हाईक म्हणालं की हे रेशीम अस्सल कशावरून, तर तुम्ही काय करता?”

“दशीचा एक धागा काढतो. जाळून दाखवतो.”

“कापडाचं नुकसान होतं?”

“एका धाग्याने काय होतंय? माल खरा असला की उलट किंमत कळते.”

“मीही एकच धागा ओढला,” बाई म्हणाल्या. “यंत्र सुरळीत चाललं असतं, तर तुम्ही यंत्र पाहिलं असतं आणि ते कुणी केलं हा संशय घेऊन घरी गेला असता. ते अडलं, तेव्हा तुम्हाला तुमची मुलगी दिसली. उत्तर उसनं आणता येतं, शेठ. चूक शोधणारं बोट उसनं मिळत नाही.”

शिष्येला राहवलं नाही. “आणि सापडलं नसतं तर, बाई?”

“तर वायर मी काढली हे तिथेच सांगितलं असतं, आणि माझीच पारख चुकली म्हणून सगळ्यांसमोर तिची क्षमा मागितली असती. जोखीम माझ्या नावावर होती. पण पंधरवडाभर मी तिचं बोट पाहत होते गं. ते अडखळायचं, थांबायचं नाही.”

व्यापाऱ्यांनी पातेल्यातलं कोमट झालेलं दूध पेल्यात ओतलं आणि लेकीपुढे धरलं. “पी आधी. जिल्ह्याला निघायचंय. माल अस्सल आहे.”

निघायच्या दिवशी कस्तुरीच्या बॅगेची चेन अर्ध्यावर अडकली. बस उभी होती, कंडक्टर घाई करत होता. कस्तुरीने चेन मागे घेतली, अडकलेला कापडाचा कोपरा आत सारला, पुन्हा ओढली. आई शेजारीच होती. दोन्ही हात पाठीमागे धरून, काही न बोलता.

चेन लागली. बस हलली. खिडकीतून लेक हात हलवत होती, आणि तिला निरोप द्यायला मग आईने आपले हात सोडवले.

मूल अडलं की आपले हात आधी मागे न्यावेत. तोंड मिटून ठेवणं ही त्याच्या वरची इयत्ता; तिथे आपण बहुतेक जणी अजून नापास होत असतो.