मागजाईच्या काठाचा सुटा धागा

वेळंब्याला मागजाईच्या दर्शनाला आलेली नवी माणसे हमखास सांगतात, "गुरवकाका, देवीच्या लुगड्याचा एक धागा सुटलाय हो." कुणी तो तोडायला हातही पुढे करतात. तोडू नका, बरं का. तो चुकून राहिलेला नाही, मुद्दाम राखलेला आहे.

ही आमची साळीआळी, विणकरांची. दर नवरात्रात आळीतल्या एका घराने देवीचे लुगडे विणायचे, ज्या हाताने आडवा धागा नेणारा धोटा धरला त्याच हाताने ते अष्टमीपर्यंत मागावरून उतरवायचे, मध्येच सोडले तर त्या घराचा माग कायमचा बंद, असा जुना नेम होता म्हणे.

एका वर्षी पाळी चिंधाबाईच्या घराची आली. तिचा नवरा तापाने गेला होता. पाच गावांत वैद्य मिळाला नव्हता. तेव्हापासून ती सोमवार अळणी करी, लेकाने वैद्यकी शिकून यावे म्हणून. लेक शिदोजी माग चालवून मठात अक्षरे शिकला होता. त्या नवरात्रात काशीला निघालेल्या एका वैद्यराजांचा गावाबाहेर तळ पडला. त्यांनी शिदोजीला पारखले आणि सप्तमीला सोबत चल म्हणाले. पुन्हा या वाटेने ते बारा वर्षांनी येणार होते.

सप्तमी उजाडली तेव्हा लुगडे अजून तीन हात उरले होते. घाईघाईत शिदोजीने ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, फार आवळला. विणकराने कधी करू नये ते केले. काठाकडचे धागे तटातट तुटू लागले. टोके धागे ओळीत धरणाऱ्या फणीतून निसटली की कुठला धागा कुठला, ते कुणालाच उमगत नाही. धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरणारी चिंधाबाई झेपावली आणि पन्नासएक टोके तिने मुठीत धरली.

बाहेर बैलांचे घुंगरू वाजले. वैद्यराज निघाले होते.

"जा," ती म्हणाली.

"आई, मूठ सुटली तर लुगडं गेलं."

"सुटायची नाही. लुगडं उतरल्याशिवाय पाणी घेणार नाही, हा देवीला शब्द. तू जा."

दारात आळीचे म्होरके सोनबा उभे होते, तिचे चुलतसासरे. "धोटा टाकून उंबरा ओलांडलास, तर हा माग उद्या चुलीत जाईल, शिदोजी."

"मामंजी," चिंधाबाई मान न उचलता म्हणाली, "तुमचा पुतण्या तापला तेव्हा वैद्यासाठी पाच गावं तुम्हीच पालथी घातलीत. आज होणाऱ्या वैद्याला तुम्हीच अडवता?"

सोनबा दारातून हलले नाहीत. शिदोजी त्यांच्या बाजूने अंग चोरून बाहेर पडला, असे सांगतात.

ऊन चढले. नखे तळव्यात रुतली. शेजारची गया डोकावली. तिने ते पाहिले, हात धुतले आणि एक धागा सांधला.

"एकाच हाताचं लुगडं ना हे?" दारातून कुणीसे बोलले.

"मग तू जा घरी, हात सांभाळ," गया म्हणाली.

हळूहळू आणखी हात लागले. धागे केसासारखे, गाठ तिळाएवढी. उन्हे कलली तरी निम्मे उरले होते, आणि चिंधाबाईला भोवळ येऊ लागली होती. तेव्हा सोनबा आत आले. त्यांच्या डोळ्यांना नीट दिसत नव्हते, बोटांना दिसत होते. "सरक पोरी," ते गयाला म्हणाले. "काठ मला दे."

उरलेले तीन हात आळीने मिळून विणले. दिवेलागणीला लुगडे उतरले. काठाचा शेवटचा धागा मात्र चिंधाबाईने दिला नाही. "हा त्याचा," म्हणाली, आणि मग पाणी प्याली.

ती मूठ पुढे बारा वर्षे उघडली नाही म्हणे. शिदोजी वैद्य होऊन परतला, तेव्हा आळीने पहिला रोगी म्हणून आईचाच हात त्याच्यापुढे केला. कोमट तेल लावून त्याने एकेक बोट सोडवले. आत धाग्याचे वेटोळे होते, कालच ठेवल्यासारखे. सुईत ओवून त्याने तो धागा त्याच जुन्या लुगड्याच्या काठात भरला, आणि त्यानंतरच औषधाची पहिली पुडी बांधली.

आजही आळीतले मूल पुढच्या शिक्षणाला बाहेर निघाले की त्या वर्षीच्या लुगड्यात त्याच्या नावाचा एक धागा सुटा ठेवतात. शिकून आल्यावर आधी तो सांधायचा, मग कामावर रुजू व्हायचे. कुणी नागपूरहून येते, कुणी जर्मनीहून. काही लुगडी अजून देवळातल्या पेटीत वाट पाहत आहेत, आणि येतील ती मुले, देवीला घाई नाही.

यंदाचा हा धागा सोनबांच्या घराण्यातल्या मुलीचा आहे. डॉक्टरकी शिकायला गेली आहे. परवाच तिची आई आली होती. वाऱ्याने तुटू नये म्हणून तो हलक्या हाताने निरीत खोचून गेली.