मोर्तब बंद झाली

फार जुन्या काळी एका दरबारात राजा अजून पाळण्यात होता, म्हणून शिक्क्याचाच शब्द चालत असे. प्रत्येक हुकुमाच्या माथ्यावर मोठा शिक्का उमटे आणि मजकूर संपला की खाली छोटी मोर्तब. मोर्तबीच्या पुढे कुणालाही एक अक्षर वाढवता येत नसे.

शिक्क्याला हे खुपत होते. कागद लिहिणाऱ्या बोरूने ते हेरले.

"सरकार, हुकूम तुमचा आणि शेवट करणार ती चिमुरडी? लोक हसतात हो."

"हसतात?"

"तुमच्या तोंडावर नाही हसत."

मोर्तब म्हणाली, "दादा, माझी जागा मोकळी राहिली तर तिथे कोण काय लिहील, याचा विचार केलात का?"

"माझ्या कागदावर? कुणाची छाती आहे?" शिक्का गुरगुरला. त्याच दिवशी मोर्तब बंद झाली.

दुसऱ्या दिवशी घोड्यांची चंदी वाढवण्याचा हुकूम निघाला. शिक्का उमटून बाजूला झाल्यावर बोरूने खालच्या मोकळ्या जागेत सावकाश एक ओळ घातली: 'हा शिक्का झिजला आहे. तो वितळवून बोरूसाठी चांदीची दौत घडवावी.'

सोनार भाता ओढू लागला तेव्हा शिक्का ओरडला, "थांब! मी असे म्हटलेच नाही!"

सोनाराने कागद पुन्हा वाचला आणि माथ्यावरचा ठसा शिक्क्याशी ताडून पाहिला.

"ठसा आपलाच आहे, सरकार," तो अदबीने म्हणाला. "आपला हुकूम मी कसा मोडू?"